विवाहविधी आणि जातिव्यवस्था : शिरोळ परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठी शिरोळ तालुका वसला आहे. उत्तरेस सांगली-मिरज आणि दक्षिण-पूर्वेस कर्नाटकाची हद्द असल्यामुळे या भूमीत मराठी व कन्नड या दोन भाषा आणि अनेक धर्मपरंपरा शतकानुशतके शेजारधर्माने नांदत आल्या आहेत. येथील एकाच गावात लग्नसराईच्या दिवसांत जैन, लिंगायत, मराठा, मुस्लिम आणि बौद्ध अशा पाच प्रकारचे मांडव पडलेले दिसतात. शेजारी म्हणून एकाच माणसाला या पाचही मांडवांत जेवणाचे आमंत्रण असते. परंतु विवाह कोणत्या क्षणी पूर्ण झाला, तो कोणी लावला आणि त्याला साक्षी कोण, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक मांडवात निराळी मिळतात. या वेगळेपणाचा इतिहास पाहणे आणि त्यात बौद्ध विवाहविधीचे स्थान निश्चित करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या भूमीला बुद्ध अपरिचित होता असे समजण्याचे कारण नाही. शिलाहार राजा गंडरादित्य याच्या शके १०३२, म्हणजे इ. स. १११० च्या ताम्रपटात, मिरज प्रांतातील इरुकुडी येथे त्याने 'गंडसमुद्र' नावाचा तलाव बांधून त्याच्या काठी ईश्वर, बुद्ध आणि अर्हत् यांची स्थापना केल्याचा उल्लेख आहे. आज ज्यांना आपण शैव, बौद्ध आणि जैन म्हणतो, त्या तिन्ही परंपरांना बाराव्या शतकाच्या प्रारंभी येथे राजाश्रय होता. पुढे बुद्धाचे नाव या परिसरातून लोपले आणि सुमारे साडेआठशे वर्षांनी, १९५६ नंतर, ते पुन्हा घराघरांत आले. ते ज्या वाटांनी आले त्यांपैकी एक वाट लग्नाच्या मांडवातून गेली आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

शेजारचे मांडव

ब्राह्मणी परंपरेत विवाह हा संस्कार मानला गेला. होम, पाणिग्रहण आणि सप्तपदी ही त्याची प्रमुख अंगे होत. सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण झाला, असे शास्त्र सांगते. मात्र या भागातील शेतकरी समाजाच्या बोलण्यात सप्तपदीपेक्षा अक्षतांना अधिक महत्त्व आहे. 'अक्षता पडल्या' म्हणजे लग्न लागले, असा लोकव्यवहार आहे. त्याआधी हळद, देवक बसविणे, पाहुण्यांचे मानपान, आणि लग्नानंतर जागरण-गोंधळ, असा हा क्रम असतो. यांतील देवकाची चाल शास्त्रापेक्षा कुळाशी जोडलेली आहे.

जैन समाजात विवाह लावण्याचे काम उपाध्ये करतात. लिंगायत समाजात ते जंगमाकडे असते आणि तेथे पंचकलशांची मांडणी होते. या दोन्ही समाजांनी ब्राह्मण पुरोहिताविना विवाह लावण्याची स्वतःची व्यवस्था फार पूर्वी उभी केली होती. मुस्लिम समाजातील निकाह हा मूलतः करार आहे. वकील आणि साक्षीदारांसमोर वधूची संमती घेतली जाते, मेहर ठरते, वर कबुली देतो आणि काजी त्याची नोंद करतो. तेथे अग्नीला स्थान नाही आणि वधूच्या संमतीचा उच्चार हा विधीचाच भाग आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विवाहाला अग्नी, मुहूर्त किंवा ब्राह्मण पुरोहित अपरिहार्य आहे, हा समज शिरोळसारख्या ठिकाणी शेजारच्या घराकडे नुसते पाहिले तरी टिकत नाही. मग प्रश्न असा पडतो की, अस्पृश्य मानलेल्या समाजाला अशी स्वतंत्र व्यवस्था इतकी शतके का उभी करता आली नाही ?

गावकुसाबाहेरचे लग्न

या प्रश्नाचे उत्तर ग्रामव्यवस्थेत आहे. अस्पृश्यांची लग्ने गावच्या जोशाने काढून दिलेल्या मुहूर्तावर लागत. जोशी विटाळाच्या भयाने मांडवात येत नसे. तो लांब उभा राहून मंगलाष्टके म्हणे आणि दक्षिणा मात्र घेई. ज्याच्या सावलीचाही विटाळ होतो, त्याच्या पैशाचा विटाळ होत नसे. नवरदेवाने घोड्यावर बसू नये, वरात गावातून नेऊ नये, वाजंत्री वाजवू नये, असे निर्बंध ठिकठिकाणी होते. अशा प्रकारे विवाह हा आनंदाचा प्रसंग असूनही त्याच दिवशी माणसाला त्याच्या जातीची जाणीव अधिक कठोरपणे करून दिली जाई.

याच्या जोडीला बालविवाह होता आणि लग्नासाठी काढलेले कर्ज होते. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' या आत्मकथनात पश्चिम महाराष्ट्रातील महार समाजातील कोवळ्या सुनांच्या हालअपेष्टांचे जे चित्र रेखाटले आहे, ते वाचल्यानंतर जुन्या चालीरीतींबद्दल कोणालाही हळवे होता येणार नाही.

या परिसरात आणखी एक प्रथा होती, तिचा उल्लेख टाळून चालणार नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या पट्ट्यात दीर्घकाळ टिकून होती. मुलीच्या गळ्यात देवीचे 'दर्शन' बांधले की ती देवाला वाहिली गेली, असे मानले जाई. मग तिला कोणाही पुरुषाशी विवाह करता येत नसे. विवाहाचे नाव, विवाहासारखा विधी, परंतु विवाहाने स्त्रीला मिळणारा एकही हक्क नाही, अशी ही रचना होती. तिची शिकार बहुतांशी दलित मुली झाल्या. कोल्हापूर संस्थानात १९२० साली या प्रथेविरुद्ध कायदा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १६ जून १९३६ रोजी मुंबईत देवदासी, जोगतिणी व मुरळ्या यांच्या सभेत या जीवनाचा त्याग करण्याचे आवाहन केले. तरीही स्वतंत्र महाराष्ट्राला त्यासाठी नवा निर्मूलन कायदा करण्यास २००५ साल उजाडावे लागले. केवळ विधी झाला म्हणून विवाह होत नाही, हा धडा या प्रथेच्या इतिहासाने दिला आहे.

फुले आणि शाहू यांचे कार्य

पुरोहिताविना विवाह, ही कल्पना आधुनिक महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी प्रत्यक्षात आणली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. त्यामागे सावित्रीबाईंचा पुढाकार होता. १८८७ साली जोतीरावांनी सत्यशोधक पद्धतीच्या पूजाविधींचे पुस्तक मंगलाष्टकांसह प्रसिद्ध केले. त्यात वधू आणि वर यांनी एकमेकांना सर्वांसमक्ष वचने द्यावयाची आहेत, आणि वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांविषयी उत्तर मागते. जुन्या विधीत वधू बापाकडून दान दिली जाते. या विधीत ती स्वतः बोलते. हा फरक फार मोठा आहे.

कोल्हापुरात या विचाराला राजाश्रय मिळाला. १८९९ च्या सुमारास पंचगंगेच्या घाटावर सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणाने, खुद्द छत्रपतींनाही पुरोहित शूद्र लेखतो, हे उघड केले. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. भास्करराव जाधव यांनी सामान्य माणसाला आपल्या घरचे विधी आपणच करता यावेत म्हणून 'घरचा पुरोहित' हे पुस्तक लिहिले. १९१७ साली संस्थानात विधवाविवाहाला कायद्याचे संरक्षण मिळाले. विठ्ठलभाई पटेल यांच्या आंतरजातीय विवाहाच्या विधेयकाला शाहू महाराजांनी जाहीर पाठिंबा दिला आणि आपल्या संस्थानातही आंतरजातीय विवाहाला मान्यता दिली. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील कन्या इंदूरच्या होळकर घराण्यात दिली गेली. मराठा-धनगर विवाहसंबंधाचा महाराजांचा संकल्प अशा रीतीने सिद्धीस गेला.

शिरोळच्या शेजारच्या हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे २१ व २२ मार्च १९२० रोजी भरलेल्या बहिष्कृतांच्या परिषदेत शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांना समाजाचे पुढारी म्हणून गौरविले, हे सर्वश्रुत आहे. या दोन प्रज्ञावंतांना जोडणाऱ्या अनेक सूत्रांपैकी विवाहसुधारणा हे एक सूत्र होय. इतिहासकारांनी त्याकडे म्हणावे तितके लक्ष दिलेले नाही, असे आम्हांस वाटते.

बाबासाहेबांची मीमांसा

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात बाबासाहेबांनी जातींच्या उगमाविषयीचा निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, आणि तो बंदिस्त होतो तो स्वजातीतच विवाह करण्याच्या नियमाने, हा त्या निबंधाचा गाभा आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी त्यांनी या नियमाच्या रक्षणासाठी निर्माण झालेल्या साधनांच्या स्वरूपात समजावून दिल्या. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात त्यांनी याच्याही पुढे जाऊन, सहभोजन पुरेसे नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय आहे, असे प्रतिपादन केले. परंतु लोक असे विवाह का करीत नाहीत, याचे कारण त्यांनी धर्मशास्त्रावरील श्रद्धेत शोधले. म्हणून विवाहाचा प्रश्न शेवटी धर्माच्या प्रश्नाशी येऊन भिडला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्राह्मणाकरवी कोणताही धार्मिक विधी न करण्याची प्रतिज्ञा आहे. लाखो लोकांनी ती घेतली. तिचा पहिला व्यावहारिक प्रश्न येत्या लग्नसराईचाच होता. मग लग्न लावायचे कसे ? महापरिनिर्वाणाच्या अवघे दोन दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी, एका पत्राच्या उत्तरात बाबासाहेबांनी त्याचे मार्गदर्शन केले. बौद्ध विवाहविधी साधा आहे, त्यात होम नाही, सप्तपदी नाही, असे त्यांनी कळविले. वधू-वरांमध्ये एका पाटावर मातीचा कोरा घडा काठोकाठ पाणी भरून ठेवावा, घड्यातील पाण्यात सुताचा धागा सोडून त्याची दोन टोके दोघांनी हातात धरावीत, कोणी तरी मंगलसुत्त म्हणावे आणि दोघांनी पांढरी वस्त्रे परिधान करावीत, असा त्याचा आशय आहे.

या मोजक्या सूचनांचा विचार केला म्हणजे त्यांचे मर्म कळते. 'कोणी तरी' मंगलसुत्त म्हणावे, यात पुरोहिताची जात संपते. धाग्याची दोन्ही टोके सारखी आहेत, म्हणून वधू ही दानाची वस्तू राहत नाही. मातीचा घडा, पाणी, सूत आणि पांढरे वस्त्र ही सामग्री सर्वात दरिद्री घरालाही परवडते, म्हणून लग्नासाठी सावकाराच्या दारात जावे लागत नाही. आज भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील, वधू-वरांच्या प्रतिज्ञा आणि जयमंगल अष्टगाथा यांसह जो विधी लावतात व अक्षतांऐवजी फुले उधळतात, त्याचे बीज या पत्रात आहे.

बौद्ध देशांतील चाली

हा विधी बाहेरून आणलेला आहे काय, असा प्रश्न काही अभ्यासक विचारतात. त्यासाठी बौद्ध देशांकडे पाहिले पाहिजे. श्रीलंकेत वधू-वर 'पोरुव' नावाच्या सजविलेल्या मंचावर उभे राहतात, वधूचा मामा दोघांच्या करंगळ्या धाग्याने बांधून त्यावर पाणी सोडतो आणि मुली जयमंगल गाथा गातात. थायलंडमध्ये सकाळी भिक्खूंना भोजनदान होते, परित्राणपाठ होतो, परंतु नंतर वधू-वरांच्या मस्तकांवर जोडलेला धागा ठेवून त्यांच्या हातांवर शंखातून पाणी सोडण्याचे काम वडीलधारी माणसे करतात. म्यानमारमध्ये दोघांचे तळवे एकत्र बांधून चांदीच्या पात्रातील पाण्यात बुडवितात. जपानमध्ये आज रूढ असलेली शिंतो पद्धतीची विवाहपूजा १९०० साली युवराजांच्या विवाहानंतर लोकप्रिय झाली. लडाखमध्ये अनेक भावांनी मिळून एक पत्नी करण्याची चाल होती आणि ती १९४१ च्या कायद्याने बंद करण्यात आली.

म्हणजे बौद्ध जगात विवाहाचा एकच विधी कधीही नव्हता. त्याचे कारण धम्माच्या स्वरूपातच आहे. भगवान बुद्धाने विवाहाला संस्कार मानले नाही. विनयातील संघादिसेस नियमांत भिक्खूने विवाह जुळविण्यासाठी मध्यस्थी करणे निषिद्ध ठरविले आहे. तथागताने सांगितले ते विधी नव्हते, कर्तव्ये होती. राजगृहाच्या वेळुवनात सिगाल या गृहपतिपुत्राला उपदेश करताना पतीने पत्नीचा आदर करावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला वस्त्रालंकार द्यावेत, अशी पाच कर्तव्ये प्रथम पतीला सांगितली आहेत. पत्नीची कर्तव्ये त्यानंतर येतात. नकुलपिता आणि नकुलमाता या वृद्ध दांपत्याला श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांत पती-पत्नींची समानता असावी, असा उपदेश मिळाला.

धागा आणि पाणी ही दक्षिणेकडील बौद्ध देशांची परिचित चिन्हे बाबासाहेबांनी घेतली, परंतु त्यांतून जो विधी सिद्ध झाला तो भारतातील जातिग्रस्त समाजाच्या मुक्तीसाठी सिद्ध झाला. त्याला अनुकरण म्हणता येणार नाही.

कायद्याची बाजू

हिंदू विवाह कायदा, १९५५ हा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्याच्या कलम ७ अन्वये वधू किंवा वर यांपैकी कोणाही पक्षाच्या रूढ विधीने विवाह लावता येतो. ज्या विधीत सप्तपदी आहे, तेथेच ती आवश्यक ठरते. येथे 'रूढ' हा शब्द महत्त्वाचा आहे. नव्याने निर्माण झालेल्या विधीला रूढ म्हणावे काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. तामिळनाडूने पेरियार यांच्या स्वाभिमान विवाहांसाठी १९६७ च्या दुरुस्तीने कलम ७-अ आणून हा प्रश्न सोडविला. शिखांसाठी १९०९ चा आनंद विवाह कायदा आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा, या मागणीमागे ही पार्श्वभूमी आहे.

२००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश दिले. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने, हिंदू विवाह कायद्याखाली विधी न होता केवळ प्रमाणपत्र मिळविल्याने विवाह सिद्ध होत नाही, असे स्पष्ट केले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. आमच्या बहिणींना पोटगी, वारसा किंवा निवृत्तिवेतनाच्या प्रसंगी विवाह सिद्ध करावा लागतो. तेव्हा विधी विधिवत् व्हावा, साक्षीदारांच्या सह्या व्हाव्यात, छायाचित्रे जपावीत आणि नोंदणीही व्हावी. यांतील एकाही गोष्टीची हयगय झाली तर तिचा त्रास स्त्रीलाच सोसावा लागतो.

आत्मपरीक्षण

इतका इतिहास पाहिल्यावर स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आज आमच्या मांडवात बुद्धप्रतिमेपुढे त्रिशरण होते, आणि आदल्या रात्री घराच्या मागील दारी देवकही बसते. बौद्धाचार्यांना दिलेली वेळ टळून जाते, परंतु पंचांगातील मुहूर्त टळू दिला जात नाही. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरला असला तरी तो 'मानपान' आणि 'प्रेमाची भेट' या नावांनी मांडवात येतो. ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि भोजनावळी यांसाठी काढलेले कर्ज जुन्या सावकारी कर्जापेक्षा वेगळे नाही. ज्या साधेपणाने आमच्या आजोबांना कर्जातून सोडविले, तो साधेपणा नातवांना कमीपणाचा वाटू लागला आहे.

हळद लावावी की लावू नये, मंगळसूत्र घालावे की घालू नये, यावर आमच्या बैठकांत तासन्‌तास वाद होतात. ते वाद निरर्थक नाहीत. परंतु त्यांहून मोठा प्रश्न क्वचितच विचारला जातो. स्थळ पाहताना आम्ही कोणाच्या घरी जातो ? विधी बदलला, पण सोयरिकीचे वर्तुळ तेच राहिले, तर १९१६ च्या निबंधातील व्याख्येनुसार जात जेथल्या तेथेच राहते. पूर्वाश्रमीच्या जातींतून आलेले बौद्धही एकमेकांशी सोयरीक करताना बिचकतात, ही वस्तुस्थिती आम्ही नाकारू शकत नाही. बाराव्या शतकात कल्याण येथे मधुवरस या ब्राह्मणाची कन्या आणि हरळय्या या चर्मकाराचा पुत्र यांचा विवाह झाला, आणि त्या विवाहापायी दोन्ही पित्यांना प्राणाला मुकावे लागले, अशी शरणांची परंपरा सांगते. तो प्रसंग शिरोळच्या लिंगायत घरांत आजही आदराने सांगितला जातो. तरीही त्या घरांतील सोयरिकी पोटजातीतच होतात. जो दोष शेजाऱ्याच्या घरात आम्हांस सहज दिसतो, तो आपल्या घरात शोधणे हे खरे धम्माचरण होय.

दीघनिकायातील अंबट्ठ सुत्तात भगवंताने अंबट्ठ या तरुणाला सांगितले आहे की, जेथे मुलगी देण्या-घेण्याची बोलणी चालतात, तेथेच जातीची आणि गोत्राची भाषा बोलली जाते. जे या भाषेत अडकले आहेत, ते श्रेष्ठ विद्या आणि आचरण यांपासून दूर आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आणि १९१६ मधील बाबासाहेबांचे संशोधन एकाच ठिकाणी येऊन मिळतात. जातीचा उच्चार सर्वांत मोठ्याने होतो तो लग्नाच्या बैठकीत, आणि म्हणून तिचा अंतही तेथेच व्हावयास हवा.

शिरोळच्या कुंभाराकडून आणलेला कोरा घडा कोणत्याही जातीचा नसतो. त्यात भरलेले कृष्णेचे पाणी कोणत्याही जातीचे नसते. त्या पाण्यात सोडलेल्या धाग्याचे एक टोक धरणारा हात कोणाचा असावा, हे मात्र आम्हीच ठरवितो. ते ठरविताना आम्ही जात विचारणे सोडून दिले, तर ४ डिसेंबर १९५६ च्या त्या पत्राचे पालन पूर्ण होईल.